डोक्याएवढा गळा

आदरणीय विहीणबाईंना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. जोडलेले हात एवढ्यात सोडत नाही, कारण थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा जोडावे लागणार आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून कटकट वाजतात का? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की नुसतंच खिडकीत ठेवता? (माझं खिडकीतच असतं, म्हणून विचारलं.) व्याहीबुवांचा खोकला एव्हाना थांबला असेल. इकडे तुमची लेक मजेत आहे, तुमचे जावई मजेत आहेत, आणि नात तर इतकी मजेत आहे की तिच्यापुढे आम्ही सगळे आजारी वाटतो. माझीही तब्येत उत्तम. खाते, झोपते. फक्त लाज वाटते, पण ती काही कोणी तब्येतीत धरत नाही.

अक्षराकडे बघू नका. मी शाळेत गेले ती धाकट्या भावाला पोचवायला. तो रडायचा म्हणून मला त्याच्याजवळ बसवून घेत, तेवढंच माझं शिक्षण. तो रडायचा थांबला आणि माझी शाळा सुटली. आणि ह्या कागदावर जी बारीक बारीक भोकं दिसतील ती वाळवीची नाहीत, ती माझी प्रगती आहे. तुम्हीच फोनवर सांगितलं होतं ना, की आधी दोरा न ओवता कागदावरच्या रेघेवरून सुई चालवा, म्हणजे हात बसेल. तर ह्या कागदावर रेघ सोडून बाकी सगळीकडे सुई चालली आहे. जिथे भोक आडवं आलं तिथे शब्द वळसा घालून गेलाय, समजून घ्या.

आता मुद्द्यावर येते. (मुद्द्याजवळ येते म्हणा, अगदी वर यायला धीर होत नाही.) दहा दिवसांपूर्वी तुमचा फोन आला की महिनाअखेरीला गाडी करून येतेय, मी पाठवलेलं शिवणाचं मशीन तिथे नुसतंच पडून असेल तर जाताना घेऊन जाईन, माझ्या भावजयीला हवं आहे. तुम्ही अगदी सहज बोललात. पण मी पटकन मशीनपुढे जाऊन उभी राहिले आणि बोलून गेले, की अहो पडून कसलं, तुम्ही मशीनसोबत दिलेल्या कापडाचा फ्रॉक शिवूनसुद्धा झाला, आणि नातीला असा बसलाय की जणू अंगावरच विणलाय! तुम्ही केवढ्या खूश झालात. म्हणालात, मग मशीन योग्य घरी गेलं म्हणायचं, राहू दे तिथेच. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. (जेवते पूर्ण. पण गोड लागत नाही.)

तर विहीणबाई, फ्रॉक नाही. म्हणजे होता. आता नाही. पहिल्यापासून सांगते, मग काय रागवायचं ते एकदम रागवा.

मशीन आलं त्या दिवशी मी लहान पोरीसारखी खिडकीत उभी होते. तुमचे जावई आणि टेम्पोवाला असे दोघं ते जिन्यातून वर आणत होते, आणि मी वरून ओरडत होते, की भिंतीला घासू नका. (भिंतीला काही होईल म्हणून नव्हे, मशीनला होईल म्हणून. भिंत आमचीच आहे.) माझ्या खोलीत, माझ्या खिडकीशी ते ठेवलं, मी फडकं घेऊन पुसलं, आणि खरं सांगू, जन्मात पहिल्यांदा माझ्या खोलीत एक अशी वस्तू आली जिच्यापुढे खुर्ची ओढून बसायचं असतं. आजवर मी खुर्चीवर बसले ती दुसऱ्याची वाट बघायला. तुमचे जावई म्हणाले, आई, ह्या वयात कुठे ही हौस! झालं. त्यांनी तसं म्हटलं नसतं तर कदाचित मी एक-दोन दिवसांत सोडूनही दिलं असतं, म्हणजे बघा, थोडा दोष तुमच्या जावयांचाही आहे.

पण ते तुमचं यंत्र! तुम्ही पायडल मारायचात तेव्हा कसं झऱ्यासारखं वाहायचं. माझे पाय पुढे जातात तेव्हा चाक मागे जातं, आणि चाक मागे गेलं की दोरा तुटतो. तुमची लेक ऑफिसला निघताना रोज सुई ओवून देऊन जायची आणि बजावायची, "आई, आता हळू हं." ती जिना उतरून फाटकाशी पोचेपर्यंत माझा दोरा तुटलेला असायचा, आणि मी खिडकीतून हाक मारायची. बिचारी परत वर यायची. बूट काढायची, ओवायची, बूट घालायची. एकदा तिची बस चुकली. त्या संध्याकाळी तिनं मला समोर बसवून ओवायला शिकवलं, आणि जमेपर्यंत उठू दिलं नाही. तुमचीच लेक.

खालच्या मजल्यावर एक पेन्शनर राहतात. ते एकदा दुपारी वर आले आणि दारातूनच विचारू लागले, "आजीबाई, गिरणी टाकलीत का घरात?" मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि म्हटलं आवाजावर जाऊ नका, काम बघा. तेव्हा नुकतीच मला जुन्या चादरीवर पहिली सरळ टीप आली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, चादर उजेडात धरली, आणि म्हणाले, "ह्यातली सरळ कुठली?" मी बोट ठेवून दाखवली. ते म्हणाले, "हां हां," आणि पाणी न पिता गेले.

तरीही मी शहाणी झाले नाही. चादरीवर थांबायचं सोडून मी तुमचं कापड काढलं. ते निळं, पांढऱ्या पक्ष्यांचं. तुमची लेक लहान असताना तिच्यासाठी घेतलेलं, आणि इतकं आवडतं की कात्री लावायचा तुम्हाला कधी धीर झाला नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत. मला झाला. हीच तर लाजेची गोष्ट. तुमच्यासारखी कसबी हाताची बाई ज्या कापडापुढे आयुष्यभर थांबली, त्यावर मी चहा पिऊन उठले आणि चालून गेले.

टेपवर दोन्ही बाजूंना आकडे आहेत, एकीकडे दाट, एकीकडे विरळ, आणि दोघांचं आपसांत पटत नाही. म्हणून मी टेप बाजूला ठेवला आणि नातीला म्हटलं, बाई, तूच कापडावर नीज. ती हात पसरून निजली, मी भोवतीनं खडू फिरवला. कापड खांद्याशी दुमडून घेतलं होतं, म्हणजे खांद्याची शिवण वाचेल. (ही मला फार हुशारी वाटली होती. त्यामुळे पुढचे पक्षी नीट उडतायत आणि पाठीवरचे सगळे डोकं खाली करून पडतायत, हे नंतर दिसलं.) मग आला गळा. आता तुम्हीच सांगा, गळ्यातून काय जायचं असतं? डोकं. मग गळा केवढा हवा? डोक्याएवढा! म्हणून मी तिच्या डोक्याभोवती खडू फिरवला. शिवणीसाठी दोन बोटं जास्त ठेवावं असं तुम्ही सांगितलेलं आठवलं, म्हणून दोन बोटं जास्त कापलं. भोकाला जास्त दिलं की भोकच वाढतं, हे मला कात्री खाली ठेवल्यावर कळलं. तोवर पक्षी दोन-चार कापले गेले होते.

शिवताना मात्र काय सुख झालं, विहीणबाई! दोन्ही कुशी बाह्यांसकट शिवल्या, खालची दुमड घातली. मी गात होते म्हणे. मला ठाऊक नाही, खालच्या पेन्शनरांनी तुमच्या जावयांना सांगितलं.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना खोलीत बोलावलं. तुमच्या जावयांना खुर्चीवर बसवलं, तुमच्या लेकीला पलंगावर. नातीनं हात वर केले. मी फ्रॉक वरून सोडला. तो डोक्यातून अगदी छान उतरला, आणि मग थांबलाच नाही. खांदे ओलांडले, कंबर ओलांडली, आणि तिच्या पायाशी जाऊन बसला. ती मध्ये उभी, चड्डी-बनियनवर, आणि भोवती निळं तळं. ती टाळ्या पिटून म्हणाली, "आजी, पुन्हा कर!" तुमचे जावई छताकडे बघू लागले. तुमच्या लेकीनं भिंतीकडे तोंड केलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती, हसत होती. पण मग डोळे पुसून तिनं ते कापड उचललं, हातावर पसरलं, आणि हळूच म्हणाली, "माझी आई हे फक्त उन्हाला दाखवायला बाहेर काढायची. मला हात लावू द्यायची नाही." बस, एवढंच. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी तोंड धुवायच्या निमित्तानं उठले आणि बराच वेळ तोंडच धूत बसले.

त्यानंतर मशीनवर चादर टाकली, खुर्ची फिरवून ठेवली. फ्रॉक गादीखाली सरकवला, जणू गादीखाली गेलं की झालंच नाही. आणि अशातच तुमचा फोन आला, आणि मी ते अंगावर विणल्याचं बोलून बसले. फोन ठेवला आणि वळून बघते तो नात माझ्याकडे टक लावून बघतेय. म्हणाली, "आजी, कुठला फ्रॉक?" लहान पोरीनं असं विचारावं आणि आजीनं गाऊनवरच्या ओढणीची गाठ सोडत बसावं, ह्यापरती शरम नाही.

मग तिनंच गादीखालून तो ओढून काढला. गळ्यात पाय घातले, वर ओढला, आणि कंबरेशी धरून उभी राहिली. विहीणबाई, डोक्याचा गळा तिच्या कंबरेला जवळजवळ बरोबर! एक नाडी ओवली की झालं. बाह्या मात्र दोन्हीकडे हत्तीच्या कानांसारख्या लोंबत होत्या. त्या मी आत उलटवल्या आणि मनगटाशी शिवून बंद केल्या. खिसे झाले! कोपरापर्यंत हात जाईल असे दोन खिसे. आता ती तो स्कर्ट अंगावरून काढू देत नाही. त्यात खडे असतात, पेन्सिलीचे तुकडे असतात, आणि एकदा धुवायला घेतला तेव्हा तुमच्या लेकीला एक जिवंत गोगलगाय सापडली. पाठीवरचे उलटे पक्षी पडत नाहीत, दाणे टिपायला उतरतायत, असं तिनं मला समजावून सांगितलं आहे.

तर अशी गोष्ट आहे. कापड गेलं, फ्रॉक नाही, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले, तेही तुमच्याच यंत्रासाठी. तुमची लेक म्हणाली, "मी माझ्या आईला काही सांगणार नाही. तुम्हीच लिहा." म्हणून लिहिलं. तुम्ही याल तेव्हा मी दार उघडायला येणार नाही, तुमच्या जावयांना पाठवीन. मी आतल्या खोलीत असेन. हाक मारलीत तर येईन. न मारलीत तरी थोड्या वेळानं येईनच, चहा मलाच करायचा असतो.

व्याहीबुवांना नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. त्यांना हसताना खोकला येतो.

तुमची,
तोंड लपवायला कापड न उरलेली विहीण

ता. क. गाडी करून याच. पण गाडी रिकामी परत जाऊ दे, एवढी एकच भीक मागते तुमच्याकडे. तुमच्या भावजयीला पहिल्याच दिवशी सगळं सरळ येईल. मशीनला त्यात काय मजा? त्यापेक्षा तुम्हीच चार दिवस जास्त राहा, माझ्या खुर्चीशेजारी बसा, आणि गळा कसा कापतात ते दाखवा. पायडल मी मारीन, तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही.

आणखी एक ता. क. हे लिहिणार नव्हते, पण आता एवढं सांगितलंच आहे. आमच्या जिन्यातल्या दोघी मुलींच्या आयांनी तसलाच खिशांचा स्कर्ट हवा म्हणून कापड आणून दिलं आहे, आणि मी हो म्हणून बसले आहे. (लाज वाटली. पण हो म्हटलं.) अडचण अशी, की मला स्कर्ट शिवता येत नाही. मला आधी अख्खा फ्रॉक शिवावा लागतो आणि मग त्याचा गळा चुकवावा लागतो. तुम्ही मला नीट गळा शिकवलात तर हे काम बंद पडेल, तेव्हा ते शेवटच्या दिवशी शिकवा.

अगदी शेवटचा ता. क. पत्र इतकं लांब का झालं असं वाटलं असेल, तर त्याचं कारण असं की मला उठता येत नाहीये. दुसऱ्या मुलीच्या फ्रॉकची कूस घालता घालता खाली माझ्या गाऊनची बाजूही सुईखाली गेली, आणि आता दोरा आत गुंतून बसलाय, चाक ना पुढे ना मागे. कात्री समोरच आहे, पण कात्रीवरचा माझा विश्वास उडाला आहे. तुमची लेक संध्याकाळी येईल तेव्हा सोडवील म्हणे, खिडकीत ठेवलेला फोन हाताला लागला म्हणून तिला विचारलं. पण तिच्याकडूनही नाही सुटलं, आणि तुम्ही आलात, आणि मशीन न्यायचंच ठरवलंत, तर गाडी जरा मोठी बघा. त्याच्यासोबत मीही येईन.