बटणावरचा गुलाल

रविवार, संध्याकाळ

आमच्या जीपवाल्यांच्या फेरीत कोडोलीच्या चढाला माझी जीप अडकली. एक चाक हवेत गरागरा फिरतंय, दुसरं चिखलात ढिम्म. मावसभाऊ सुन्यानं त्याच्या जीपमधलं लॉकरचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारं, बटण दाबलं, त्याची दोन्ही मागची चाकं एकदम फिरली आणि गडी बाजूनं वर. त्या बटणाला जोतिबाचा गुलाल. बटणाला कोण गुलाल लावतं?

पुढच्या चाकांचा लॉकर घ्यावा की मागच्या, यातच माझं वर्ष गेलं. त्याला मीच सांगितलेलं, मागचा घे. त्यानं लगेच बसवला.

मला दोरानं ओढून काढल्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, "लॉकर दादानंच निवडलाय की."

सगळे चहाला गेल्यावर मी गुपचूप त्याच्या जीपमध्ये बसलो. बटण दाबून बघितलं.

घरी हिनं विचारलं, "बोटाला गुलाल कसला हो?"

जोतिबाला गेलतो म्हणालो.