कार्डावरचं बीपी

४ जून
घरच्या मशीनवर एकशे अठ्ठेचाळीस–ब्याण्णव. गरोदरपणाच्या कार्डावर लिहिलं एकशे वीस–ऐंशी. माझ्याच हाताने. ओपीडीत दिवसभर दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधणारी नर्स मी, माझं कोण तपासणार? मेट्रनबाई म्हणाल्याच होत्या, "झेपत नसेल तर सांग, मी दुसरी बघते." कायम व्हायची ऑर्डर महिन्याभरावर आलीय. तेवढं निभावलं की झालं.

१२ जून
पाय सुजलेत. नवऱ्याच्या चपला घालून गेले. "उद्या शर्टही घे माझा," म्हणाला.

२१ जून
डोकं ठणकतंय. एकशे साठ–एकशे चार. कार्डावर तेच ते.

२६ जून
सोनोग्राफी. डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा माप घेतलं. मग म्हणाल्या, "अठ्ठाविसावा आठवडा ना? बाळ पंचविसाचंच दिसतंय. बीपीने वारेच्या रक्तवाहिन्या आखडतात. रक्तच पोचत नाही गं, बाळ वाढणार कशावर?" कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "इतके दिवस तर नॉर्मल होतं. अचानक चढलं म्हणायचं."
मी मान हलवली. मान हलवली मी!
लगेच ॲडमिट. माझ्याच हॉस्पिटलात.

२९ जून
बाळाचे ठोके मंदावले म्हणून सिझर केलं. मुलगी. सातशे दहा ग्रॅम. रडली नाही, मांजरीच्या पिलासारखं काहीतरी केलं फक्त.
बाळामागून पडलेली वार मागून घेऊन बघितली. शेकडो बघितल्यात आजवर, पण अशी नाही. तळहातावर मावेल एवढी, आणि जागोजागी पांढरट, टणक. मेलेली. पोरीचं ताट होतं ते. मीच पुढून ओढून घेतलं.

२ जुलै
सकाळी दहाला गेली.
बोट धरायची माझं. धरायची कसली—टेकवायची.

९ जुलै
कायम झाल्याची ऑर्डर घरी आली. उघडली नाही.
आई म्हणते, "तुझा काय दोष, बाळा? कार्डावर सगळं नीट होतं." जो येतो तो कार्डाचंच बोलतो. कुणीतरी शिव्या द्याव्यात मला.

११ जुलै
आज नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने बीपीचं मशीन समोर आणून ठेवलं. मग म्हणाला, "माहीत होतं मला. मशीनमध्ये आकडे राहतात. रोज बघायचो मी. म्हटलं, ही नर्स आहे, हिला कळत असेल."