नव्या जन्माची तारीख

बाई, तुम्हाला देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज पत्र सांगायला बसले आहे. लिहिते आहे माझी नात. तिला बजावलंय, मी बोलेन तेवढंच लिही, मधे तुझं शहाणपण नको. मला अक्षर काही आलं नाही. तुम्ही चर्चमधून मला शिकवायला यायचात, पाटी आणलीत, मी तिच्यावर लसूण सोलला. शेवटी तुम्ही हार मानलीत आणि माझ्या चुलीपाशी बसून प्रार्थना तोंडपाठ करून घेतलीत.

एक प्रार्थना म्हणजे एक भाकरी, असं माझं माप बसलं होतं. अर्ध्यावर उलटायची, आमेनला उतरवायची. एकदा तुम्ही घास मोडलात आणि म्हणालात, "कच्ची आहे गं. कुठली ओळ गिळलीस?" मी म्हटलं, "तांदूळच नवा हाय, बाई." तुम्ही हसला नाहीत. मी क्षमा करण्याची ओळ गिळत होते. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा जावेने विहिरीवर माझा हंडा लाथाडला होता, "बाटगी" म्हणाली होती. साऱ्या गावाला क्षमा केली असती, तिला नाही. "मग पाण्यात उतरून नुसती ओली झालीस," तुम्ही म्हणालात. "नवा जन्म झाला की माणसांवर जीव जडतो आणि देवाची ओढ लागते. तुझं काय?" मी पुढची भाकरी थापायला घेतली. तुम्ही ती कच्ची भाकरी मात्र संपवलीत.

चर्चमध्ये बायका साक्ष देतात, अमक्या दिवशी माझा नवा जन्म झाला. मला पहिल्या जन्माचीही तारीख ठाऊक नाही. मी मान खाली घालून बसते, आपला झालाच नसेल तर, या भीतीने.

दोन वर्षांपूर्वी जावेचं अर्धं अंग गेलं. तिची मुलं कामावर जातात, म्हणून मी दुपारी पेज भरवायला जाते. तोंड वाकडं झालं, पण टोमणा सरळ येतो: "बाटगे, मीठ संपलंय का तुज्या घरातलं?" मागच्या महिन्यात कामोठ्याला मुलाकडे दोन दिवस राहिले. सून वाढते आहे आणि माझा घास उतरत नाही. तिला कोण भरवत असेल? फुंकर तरी घालत असतील का? तिसऱ्या दिवशी रिक्षा करून परत आले. "कुठं व्हतीस गो?" एवढंच म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडली. मीही रडले. तेव्हा कळलं, तुम्ही सांगितलेल्या दोन खुणांतली एक मला न विचारताच केव्हाची उगवली होती.

राहिली दुसरी. ओढ लागली आहे, बाई. भांडी घासून पायरीवर टेकले की आत काहीतरी खेचतं, नव्या सुनेला सणाला माहेर खेचतं तसं. देवाचं घर बघावं, त्याच्या पायाशी बसावं, असं वाटतं.

नात विचारते, "आजी, पत्ता काय घालू?" नको घालू, नुसती घडी घाल. खरं सांगते, बाई. डोळे मिटून ते घर बघते तेव्हा देव आत असतो आणि मी अजून दारातच, तुम्हाला शोधत उभी असते. या ओढीत त्याची किती आणि तुमची किती, हे मला निवडता येत नाही.