चपलांच्या रॅकखालचा सर्व्हर

४ मार्च
माझं मेसेजिंग ॲप सोडून आणखी एकजण गेला! धाकटा मेहुणा. "दाजी, तिकडे कुणीच नसतं हो." मग तू राहा की, म्हणजे एकजण तरी असेल — पण ऐकतो कोण.

माझं ॲप म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही, आपलं बोलणं कुणी चोरून वाचत नाही. सर्व्हरही घरचाच — चपलांच्या रॅकखाली जुना संगणक घरघरतोय. सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर मी स्वतः बसून ॲप टाकून दिलं. बाबांच्या, आत्याच्यासुद्धा. आजी गेल्यावर घरावरून भांडले, तेव्हापासून या बहीणभावांत अबोला. माझ्या ॲपवर मात्र दोघं आहेत. नावापुरते.

९ मार्च
चष्म्याच्या दुकानात आज एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ॲपचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "जवळचं अजून धूसरच दिसतंय."

मालकांनी नंतर बाजूला घेतलं. लोक चष्मा घ्यायला येतात, प्रवचन ऐकायला नाही, वगैरे.

१० मार्च
मला दिवसभरात एकही मेसेज नाही.

१४ मार्च
बायको म्हणाली, "कुणी वापरतं तरी का ते? बघ ना." बघणार कसं? कोण कुणाशी बोलतं याची नोंद मी ठेवतच नाही. ठेवली तर त्या कंपन्यांत आणि माझ्यात फरक काय! तिने कपाळाला हात लावला. "मग चपला तरी ठेवू दे तिथे."

बाबा गॅलरीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. स्वतःशीच हसत होते. तेही तिकडेच असणार, त्या सगळ्यांच्या ॲपवर. घरचा माणूससुद्धा नाही! वाईट वाटलं. खूप.

१९ मार्च
शाळेतल्या मित्राचे वडील गेले. सगळे जाऊन भेटून आले. मला आज कळलं, तेही गिऱ्हाइकाकडून. "अरे, ग्रुपवर टाकलं होतं की!" आता कुठल्या तोंडाने जाऊ?

२० मार्च
पुरे झालं. हरलो. सर्व्हर बंद. डिस्क कोरी केली — कुणाचं खासगी मागे राहायला नको. संगणक भंगारवाल्याला दिला. कुणाला सांगितलंही नाही. सांगायचं कुणाला? त्या जागी चपला आल्या. बायकोने चहा न मागता दिला.

२१ मार्च
सकाळी बाबा दाराशी, हातात मोबाइल. "आत्या बरी आहे ना रे?"

"का? काय झालं?" मी विचारलं.

"फोनवर आमचे आवाज चढतात. ग्रुपवर सगळे बघतात. तुझ्या त्या ॲपवर बरं चाललं होतं, रोज बोलायचो. काल धीर करून विचारलं, ताई, भेटायला येऊ का? तेव्हापासून गप्प आहे." मोबाइल खिशात घालत म्हणाले, "परत अबोला धरला वाटतं."