शोधात दोन ओळी आल्या होत्या

सोमवार, ४ मार्च

प्रोग्रामची नवी आवृत्ती सुरूच होत नाही! लाल अक्षरांत एकच तक्रार — वयोगट ठरवणारा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तो तुकडा, सापडत नाही. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "कुठल्या जारमध्ये आहे बघ आणि जोडून टाक. पाच मिनिटांचं काम." मी "हो मॅडम" म्हणालो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेच पाच मिनिटांचं काम करत होतो.

जार म्हणजे गाठोडंच. आत ढीगभर क्लास बांधलेले, बाहेरून फक्त फाइलचं नाव दिसतं. रक्त तपासणाऱ्या लॅबला हा प्रोग्राम आधी दुसऱ्याच कंपनीने करून दिला होता. आता तो आमच्या गळ्यात, आणि त्यांचं जारचं फोल्डर म्हणजे निव्वळ अडगळ. मी एकेक जार उघडून आतली नावं वाचत बसलो. शोधायची सोपी रीत असणार, पण विचारायची लाज वाटली. कॉलेज अर्ध्यात सोडलेला हा मुलगा भावोजींच्या शब्दावर घेतलाय, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी काही विचारलं की लोक उत्तर देण्याआधी भावोजींच्या टेबलाकडे बघतात — किंवा मला तसं वाटतं.

शेजारच्या दाढीवाल्याने पाहिलंच. "काय रे, तांदूळ निवडतोयस का?" मग माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढून त्याने एक ओळ टाइप केली. सगळ्या जारची पोटं एका दमात चाळली गेली! ओळ पाठ करून ठेवली. तो फार हसला नाही, तेवढं बरं.

उत्तरात दोन ओळी आल्या. तोच क्लास दोन जारमध्ये — एक 'कोअर', दुसरा 'रिपोर्ट'. तोवर दाढीवाला चहाला उठून गेला होता. पुन्हा त्याच्या मागे जाऊन विचारायचं? क्लास तर एकच आहे, कुठूनही घेतला म्हणून काय बिघडतं! वरची ओळ धरली आणि 'कोअर' जोडला. लाल अक्षरं गेली. स्वतःची जन्मतारीख घालून पाहिली. वय बरोबर.

मॅडम म्हणाल्या, "शाब्बास." दुसऱ्या ओळीचं मी बोललो नाही.

मंगळवार, ५ मार्च

भावोजींनी प्रोग्रामचा नवा संच लॅबच्या मशीनवर चढवला. हे काम त्यांचंच. चढवताना ते कुणाशी बोलत नाहीत, प्रत्येक पायरी ओठांतल्या ओठांत म्हणतात. झाल्यावर लगेच ताईला फोन — "तुझ्या भावाचं काम आजपासून लॅबमध्ये चालू झालं बरं का!"

कान गरम झाले. आनंदाने. आता लिहून ठेवतो, कारण असं रोज होत नाही.

गुरुवार, ७ मार्च

लिहवत नाही.

सकाळी लॅबच्या बाईंचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तान्ह्या बाळांचे रिपोर्ट चुकताहेत. आठ महिन्यांचं बाळ प्रोग्रामने आठ वर्षांचं धरलं आणि मोठ्या मुलांचे आकडे त्याला लावले. चांगल्याभल्या रिपोर्टवर धोक्याची खूण! "त्या लेकराला आम्ही पुन्हा सुई टोचली हो. त्याची आई बाकावर बसून रडत होती. काय सांगायचं तिला? आमचा कॉम्प्युटर चुकला म्हणून?"

मला तेव्हाच कळलं. दुसरी ओळ.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मी तोंड उघडणारच होतो — खरंच उघडणार होतो का? — एवढ्यात भावोजी म्हणाले, "चढवताना माझ्याकडूनच जुन्या फाइली मिसळल्या असणार. मागची आवृत्ती परत टाकतो."

"तुमच्याकडून?" साहेब म्हणाले. "कमाल आहे."

मागची आवृत्ती टाकली. रिपोर्ट सुधारले. सगळे जागेवर गेले, मीसुद्धा.

दोन्ही जार उघडून पाहिले. 'कोअर'मधला क्लास जुना. त्यात बाळांचा विचारच नाही, महिन्यांचा आकडा वर्ष म्हणून वाचतो. नाव तेच, पोट वेगळं. मी माझ्या जन्मतारखेवर तपासलं होतं! जणू लॅबमध्ये फक्त माझ्याच वयाची माणसं येतात.

शुक्रवार, ८ मार्च

भावोजींना कळलंय. दुसरं काय असणार? माझ्यासाठी त्यांनी अंगावर घेतलं. जेवताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

आज 'कोअर' काढून 'रिपोर्ट' जोडला. कुणाला न सांगता. या वेळी बाळाची जन्मतारीख घालून तपासलं, सगळं बरोबर आलं. चोराने पाऊल पुसावं तसं वाटलं.

सोमवार, ११ मार्च

भावोजींनी संच पुन्हा चढवला. चोख चालला. साहेब खूश — "बघा! संच ठीकच होता. घोळ चढवण्यातच झाला होता." भावोजींनी नुसती मान हलवली.

दाढीवाला त्यांना म्हणाला, "दादा, वय झालं वाटतं, तो वयोगटाचा क्लास एकदा तुमच्यावर चालवून बघू का?" सगळे हसले.

मीही हसलो. मीही!

गुरुवार, १४ मार्च

लॅबचं मशीन आता दुसऱ्या कुणाकडे द्या, असं भावोजींनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी फारसा आग्रह केला नाही.

सकाळी आम्ही दोघं निघालो. भावोजींनी घराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, जिना उतरलो, तर ते कुलूप बघायला पुन्हा वर गेले. मी खाली उभा. संध्याकाळी ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "काय झालंय रे यांना ऑफिसात? स्वतः गॅस बंद करतात आणि मला बघायला पाठवतात."

"कामाचा ताण आहे," मी म्हणालो.

माझ्यावरचा राग ते असा गिळताहेत. एकदा खडसावतील तर बरं. ते चांगले वागतात, तेच सहन होत नाही.

शनिवार, १६ मार्च

उद्या ताई बाजारात गेली की बोलायचं. वाक्यही ठरवलंय — "भावोजी, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते मला माहीत आहे." आधी त्यांच्याशी, मग सोमवारी साहेबांशी. नोकरी गेली तर गेली.

रविवार, १७ मार्च

बोललो. ते खोटं बोललेच नव्हते! त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं — दोन ओळी, जुना क्लास, गुपचूप बदललेला जार — आणि मान खाली घालून उभा राहिलो. म्हटलं, आता हात उचलतील.

भावोजी खुर्चीत बसले. "म्हणजे मी बरोबर चढवलं होतं?"

"हो."

"नक्की ना रे?" त्यांचे डोळे भरले होते. "मी बरोबरच चढवलं होतं ना?"