सतरा नंबरची स्टडी
३ फेब्रुवारी, मंगळवार

आठ! लिहून टाकलं. खोडलं नाही, गिरवलं नाही. पाकीट चिकटवलं आणि शिक्काबाईंच्या हातात दिलं. (परीक्षा मंडळाच्या ऑफिसातल्या प्रत्येक कागदावर त्यांचा शिक्का बसतो. चहाच्या कपावरही मारतील एखाद दिवशी.)

सतरा नंबरची स्टडी म्हणजे पियानोवरची सरावाची रचना, दोनच पानांची. बघायला साधी — एकच स्वर, लागोपाठ चार वेळा, दर वेळी बोट वेगळं. चार, तीन, दोन, एक. मग पुढचा स्वर, पुन्हा तेच. गेला आठवडाभर मी घरी हीच वाजवते आहे. तिसऱ्या ओळीपासून स्वर गळायला लागतात. पट्टी दाबते, आवाजच येत नाही! मनगट सुजलं. कारणांची दीड पानं भरली, घडी करून पाकिटात घातली. पहिल्या पायरीपासून नववीपर्यंत ही कुठे बसते, असं विचाराल तर आठवी. आठवीच. मुलांना परीक्षेत कुठल्या पायरीला कुठली स्टडी येणार, ते आमच्या आकड्यावर ठरतं. म्हणून दोन परीक्षक, दोन पाकिटं, आणि उघडेपर्यंत एकमेकांशी चकार शब्द नाही.

मार्चअखेर माझी नेमणूक पक्की व्हायची आहे. किंवा व्हायची नाही.

४ फेब्रुवारी

आज जिन्यात टकटक सर भेटले. दुसरं पाकीट त्यांचं. तीस वर्षं परीक्षक आहेत, आणि टेबल, कठडा, स्वतःचा गुडघा, काहीही दिसलं की त्यावर बोटं वाजवतात. कठड्यावर टकटक करत म्हणाले, "सतरा नंबर सभागृहातल्या ग्रँड पियानोवर वाजवून पाहिलीस का गं?"

नियम नियम आहे! म्हटलं, "आपण यावर बोलायचं नाही ना, सर."

"बरं बाई, राहिलं." हसले आणि गेले.

का विचारलं? माझं पाकीट गेल्यावर का?

६ फेब्रुवारी

पाकिटं उघडली. माझे आठ. सरांचे — पाच!

शिक्काबाई म्हणाल्या, "तीन पायऱ्यांचा फरक? एकच कागद दिला होता ना तुम्हा दोघांना?"

एका पायरीपेक्षा जास्त फरक पडला की कारणांच्या घड्या अध्यक्षांकडे जातात. ते वाचतील आणि ठरवतील. तोवर त्या घड्या बंद. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ज्याच्या पोटात काही नाही तो माणूस निदान "अरेच्चा" तरी म्हणतो.

७ फेब्रुवारी

पाच. पाचव्या पायरीची दहा-अकरा वर्षांची पोरं हे वाजवणार? त्यांच्या मनगटांचं काय? की एखादीला आधीपासून येतंय?

९ फेब्रुवारी, सोमवार

मिळालं! शिक्काबाईंच्या टेबलावर पाचवीच्या उमेदवारांची यादी होती. समोर उभी राहून मी ती उलटी वाचली. टकटक सरांची नात! नावापाशी पेन्सिलीची ठळक रेघ. अधोरेखित! बाकी कुठल्याच नावाला रेघ नाही.

शिक्काबाईंनी वर पाहिलं तशी म्हटलं, "टाचणी मिळेल का?" त्यांनी दिली. अजून ओढणीला लावलेली आहे.

म्हणजे बघा : नातीला ही स्टडी घोटून पाठ. स्टडी पाचवीत आली की नात पहिली. आणि जिन्यातला तो प्रश्न म्हणजे मला गोडीगुलाबीनं खाली ओढायचा डाव.

की मीच सुतावरून स्वर्ग गाठते आहे? पण रेघ मी बघितली. डोळ्यांनी.

१० फेब्रुवारी

अध्यक्षांकडे सरांची तक्रार करणाऱ्या पत्राचा चौथा कच्चा मसुदा. आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती, निवडायची थांबली.

"तुला पक्कं ठाऊक आहे ना?"

"यादी पाहिली मी."

"माणसाच्या तोंडाला काळं फासायला घटका लागत नाही गं. पुसायला जन्म जातो."

बाबा म्हणाले, "तिनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल." बाबांना अक्षर येत नाही, आईलाही. वीजबिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत या घरात मी वाचीन तेच खरं. दुसरं कुणी तपासायला नाही. याचीच मला भीती वाटते. पण मग गप्प बसायचं? पोरांचं नुकसान होऊ द्यायचं?

११ फेब्रुवारी

दिलं. शिक्का बसला.

१२ फेब्रुवारी

सर आज "बरी आहेस ना? मनगट जप" म्हणाले. अगदी नेहमीसारखे. इतकं नेहमीसारखं कोण असतं?

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून पुन्हा सतरा नंबर. अध्यक्षांनी वाजवून दाखव म्हटलं तर? बाबा पाठ शेकत बसले होते. आयुष्यभर लोकांची कपाटं, तिजोऱ्या, पियानो वाहिले, आता पाठ त्याचं उट्टं काढते. आमचा हा उभा पियानोही त्यांनीच आणला, बंद पडलेल्या एका शाळेतून, तिघांना हाताशी घेऊन, चार मजले चढवून.

म्हणाले, "अजून अडखळतेच आहे का?"

"मी नाही अडखळत, बाबा. स्टडीच अवघड आहे!"

"तुला कोण म्हणतंय पोरी? पेटी अडखळते आहे."

मी थांबले. ते उठले, वरचं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. "उभ्याची हातोडी अशी समोर आपटते. मागं यायची तर पट्टी पुरती वर यावी लागते. तोवर पुन्हा दाबलीस तर फुकट. आडव्याचं, त्या ग्रँडचं, तसं नाही. त्यात हातोडी खालून वर मारते आणि अर्ध्या वाटेतच अडकून पुढच्या घावाला तयार राहते. पट्टी जराशी उचलली तरी पुन्हा वाजतो. दुरुस्तीवाला दाखवायचा आम्हाला. आडवा नेताना म्हणायचा, आतल्या त्या खटक्याला जपा, सगळी किंमत त्याची."

एकच स्वर, लागोपाठ चार वेळा.

मी ग्रँडवर आजवर दोनदा बसले आहे. दोन्ही वेळा परीक्षा द्यायला, आणि दोन्ही वेळा संथ रचना.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. मी झाकण परत बसवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आठ वाजता सभागृह उघडवून घेतलं. ग्रँडवर बसले.

पहिल्याच फेरीत सगळे स्वर वाजले. सगळे! तिसरी ओळ पाण्यासारखी गेली. पुन्हा वाजवली. पुन्हा गेली. पाच. ओढूनताणून साडेपाच. मी आठवडाभर स्टडीची नाही, आमच्या पियानोची परीक्षा घेतली, आणि आकडा स्टडीच्या माथी मारला.

जिन्यात सर एवढंच सांगत होते.

पळत शिक्काबाईंकडे गेले. "माझं पत्र परत मिळेल?"

"अध्यक्षांनी शुक्रवारीच फोडलं. नोंद पडली, आता कसलं परत?" मग आवाज खाली आणून, "सरांना त्याच दिवशी बोलावलं होतं. तेव्हापासून आले नाहीत."

"पण त्यांची नात पाचवीला —"

"ती कुठं बसते आहे? ही स्टडी सरांच्या वाट्याला आली त्याच दिवशी येऊन तिचं नाव काढायला लावलं. रडली म्हणे पोरगी. ही बघा काट."

यादी माझ्याकडे फिरवली. सुलट. रेघ नावाखाली नव्हती. नावावरून गेली होती.

१७ फेब्रुवारी

अध्यक्षांनी बोलावलं. स्टडी आठवीतच राहणार म्हणाले. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "पण आठ चूक आहे, मी काल —" त्यांनी सरांच्या कारणाची घडी माझ्यापुढे सरकवली. चारच ओळी :

"माझा आकडा पाच. पण माझ्या घरी ग्रँड आहे. परीक्षेला येणाऱ्या बहुतेक मुलांकडे उभा असतो, आणि दुसऱ्या परीक्षक मुलीकडेही. आमचे आकडे जुळले नाहीत तर तिचा धरावा. तिचा हात प्रामाणिक आहे."

खाली सही आणि तारीख. २ फेब्रुवारी.