खाणीतलं नितळ पाणी

२ मे, कांदिवली पूर्व

पोचले एकदाची! वाशिमहून ट्रॅव्हल्समध्ये चौदा तास बसून पाय सुजलेत, पण मन हलकं आहे. निधी मॅडम स्वतः स्कूटर घेऊन हायवेवर थांबल्या होत्या. त्या निळाई फाउंडेशनच्या प्रकल्प अधिकारी, ऑफिस वांद्र्याला. माझी बॅग पुढं पायाशी ठेवून त्यांनी मला थेट खोलीवर आणलं आणि वाटेत उसाचा रसही पाजला.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या, आमच्यासारख्या समाजातल्या मुलामुलींसाठी ही इंटर्नशिप आहे. आठ आठवडे तळ्यांच्या संवर्धनाचं काम, वर विद्यावेतन. सगळ्या महाराष्ट्रातून सहा जण निवडले, त्यात मी. तेजल शिवदास पाईकराव, बीएस्सी दुसरं वर्ष, प्राणिशास्त्र. पप्पांनी निवडीचं पत्र लॅमिनेट करून घेतलंय. गावात कुणीही घरी आलं की आधी ते पत्र, मग पाणी.

खोली झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, एसआरएच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर. दोन पलंग. एक माझा, एक साताऱ्याच्या मनालीचा. ती परवा येईल. खिडकी उघडली आणि समोर माझं तळं! जुनी दगडखाण आहे ती, पाण्यानं भरलेली. तीन बाजूंनी उभे कातळ, मधे शेवाळी हिरवं पाणी. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, लय खोल दिसते, जपून राय.

३ मे

आज काम समजलं. तळ्याच्या फाटकाशी मधुकरकाका वॉचमन असतात. कुडाळकडचे, साठीचे, वडील गिरणीत होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जोगेश्वरीला एकटेच राहतात. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "चेडवा, तिकडे तरंगत्या धक्क्यार बसान काम कर, पण वाकान बघू नको हां." चेडू म्हणजे मुलगी, हे त्यांनीच समजावलं.

सकाळी सात आणि दुपारी चार, दोन वेळा नोंदी घ्यायच्या. पाण्याचं तापमान, त्यातला ऑक्सिजन, कासवांची मोजणी. मला सगळ्यात आवडली ती चकती. ताटाएवढी गोल, काळ्या-पांढऱ्या रंगाची, दहा मीटर दोरीला बांधलेली. ती पाण्यात सोडत जायची. जिथं दिसेनाशी होईल तिथं दोरीवरचा आकडा वाचायचा. तेवढं पाणी पारदर्शक. आज अडतीस सेंटिमीटर, म्हणजे पाणी फारच गढूळ. कासवं अकरा.

मॅडमनी शेवाळ खाणाऱ्या जिवाणूंचं औषध टाकलंय. फरक पडायला दोन महिने लागतील म्हणाल्या.

६ मे

मनाली येत नाही. तिला पुण्यातच काहीतरी मिळालं. तिच्या पलंगावरची गादी प्लास्टिकमध्येच आहे.

आज वांद्र्याच्या ऑफिसात बैठक होती. बाकीचे चौघं जोडीनं आहेत, दोघं खाडीवर, दोघं दुसऱ्या तळ्यावर. सगळे भराभर बोलतात, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. रुचिरा नावाच्या मुलीला मी सहज "काहून वं?", म्हणजे का गं, असं विचारलं तर सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले. पण आमच्याकडं बाईमाणसाशी बोलताना 'वं' लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, हे कुणाला सांगत बसू? नंतर दिवसभर मी फक्त मान हलवली.

परत आले, अंड्याचा रस्सा केला. दोघींना पुरेल एवढा झाला.

१० मे

पारदर्शकता पंच्याण्णव सेंटिमीटर! शीटमध्ये आकडा भरल्या भरल्या मॅडमचा फोन आला. अभिनंदन केलं, म्हणाल्या, अशीच नोंद घेत राहा, तीस तारखेला देणगीदार बघायला येणार आहेत.

आज पूर्ण दिवसात माझ्याशी कोण कोण बोललं ते मोजलं. मधुकरकाका, मॅडम, आणि लिफ्टमधली बाई, जिनं विचारलं, कितवा मजला?

१३ मे

दोन मीटर साठ. मी दोनदा मोजलं.

चकती खाली जाताना तिच्या मागं काहीतरी दिसलं. कातळात कोरलेल्या पायऱ्या. त्यांच्या खाली दगड रचून केलेल्या भिंती, बुटक्या, एका रांगेत. एका भिंतीला टेकून चूल.

मधुकरकाकांना विचारलं तर ते तंबाखू मळायला बसले. मग सांगितलं, ते इथं कामाला लागायच्या खूप आधीची गोष्ट आहे. खाण चालू होती तेव्हा दगड फोडणारी माणसं तळातच झोपड्या करून राहायची. दुष्काळात देशावरून आलेली. झऱ्याचं पाणी उपसायला पंप असायचा. एका पावसाळ्यात पंप बंद पडला. ठेकेदार म्हणाला, माणसं आधीच गावी गेली होती. हजेरीपटात नावंच नव्हती, मग कोण विचारणार?

मी विचारलं, किती जण होते? काका म्हणाले, "मोजलीच नाय गो कोणी."

कासवं आज सगळी वरच्या खडकावर होती. पाण्यात एकही उतरली नाही.

१५ मे

सकाळी दोरी संपली. दहाच्या दहा मीटर सोडली आणि चकती तरीही दिसत होती, स्वच्छ, जशी काही हातात धरलीय.

ओढायला लागले तर आली नाही. अडकली नव्हती. अडकलेली वस्तू हिसका देते. ही खालून कुणीतरी धरली होती, हलकेच, पंगतीत वाढप्याच्या हातातलं ताट धरावं तशी. मग सोडली.

दुपारी चारला परत गेले. जायला नको होतं, पण नोंद चुकवता येत नाही. कडक ऊन, पाण्यावर एक तरंग नाही. आणि अगदी पायाखालून, धक्क्याच्या फळीखालून, बाईचा आवाज.

"जेवली का वं?"

मी पळत खोलीवर आले. दार लावून, पंखा फुल्ल करून बसले. भीती वाटली हे खरं. पण हेही खरं लिहिते, की मला रडू आलं ते भीतीनं नाही. इथं आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.

१६ मे

आज पुन्हा गेले. आवाजानं विचारलं, "कोन्या गावची वं तू? एकलीच हायस का?"

मी उत्तर दिलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. खाली खूप माणसांनी एकदम श्वास घ्यावा तसं झालं. मग ती म्हणाली, "म्हंजे धोंडिरामची नात."

धोंडिराम माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला दगड फोडायला गेले होते, एवढंच मला माहीत आहे. पप्पांना फोन केला. म्हणाले, रुक्मिणीआत्याला विचारून सांगतो, तिला सगळं आठवतं. आणि हे काय बाई मधेच काढलंस?

मी फोन ठेवला. माझीच माणसं खाली आहेत. पन्नास वर्षं कुणी मोजली नाहीत.

१८ मे

निधी मॅडम न सांगता आल्या. बरोबर कॅमेरावाला. धक्क्यावर उभं राहून त्यांनी स्वतः चकती सोडली. एक हात खाली गेली नाही तोच म्हणाल्या, गेली, दिसत नाही. एक्केचाळीस सेंटिमीटर.

मला चकती दिसत होती. तिच्या खालच्या पायऱ्याही दिसत होत्या. मी तसं बोलले.

मॅडमनी कॅमेरावाल्याला लांब पाठवलं. ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की खोटे आकडे भरायची गरज नव्हती, गढूळ असतं तर गढूळ लिहायचं. मग म्हणाल्या, "तेजल, तुम्हा मुलांना संधी द्यावी म्हणून मी वरच्यांशी भांडते. उद्या ते मला काय म्हणतील?"

तुम्हा मुलांना.

मोबाइलमध्ये मी काढलेले फोटो उघडले. सगळ्यांत हिरवं पाणी. नुसतं हिरवं.

१९ मे

सकाळी फाटकाशीच बसून राहिले. मधुकरकाकांनी चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका पण दिसता."

अकरा वर्षं झाली त्यांना इथं. बायको गेली त्या वर्षापासून पाणी नितळ दिसायला लागलं. मॅडमना नाही दिसत, माळ्याला नाही, पोहायला येणाऱ्या पोरांना नाही. "हंय जेचा कोण नाय, तेकाच दिसता," म्हणाले. ज्याचं इथं कुणी नाही, त्यालाच. म्हणून ते धक्क्यावर पाय ठेवत नाहीत.

मी सांगितलं की माझ्या नात्यातली माणसं आहेत खाली, माझ्या बोलीत बोलतात. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, माझ्याशी तर मालवणीत बोलतात. माझ्या भावाच्या आवाजात. नंदू, गावी तापानं गेला, ह्या खाणीचं तोंडही त्यानं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात पप्पांचा फोन. रुक्मिणीआत्यानं सांगितलं, धोंडिराम आजोबा दोन वर्षांतच परत आले होते. घरात, स्वतःच्या बाजेवर वारले. आमच्या भागातलं कुणीही त्या खाणीत गेलं नाही.

मग माझ्याशी कोण बोलतंय?

२० मे

बॅग भरली. मॅडमना मेल केला, मी हे काम सोडते. उत्तर आलं, कळलं, तेवढंच.

काकांनी उद्या सकाळी फाटकाशी यायला सांगितलंय. ते मला गाडीत बसवून देणार, आणि स्वतःही ही नोकरी सोडणार. भाच्याकडे जाईन म्हणाले, कधीचा बोलावतोय. आम्ही दोघं हसलोसुद्धा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

खिडकी बंद ठेवलीय. तरी सातव्या मजल्यावर ऐकू येतं.

जेवली का वं. जेवली का वं. आता एक आवाज नाही. खूप आहेत.

२१ मे, सकाळी

फाटकाशी काका नाहीत. खुर्चीवर डबा, चपला खाली.

चपला काढून का गेले?

२१ मे, साडेनऊ

माळ्यानं बघितलं. म्हणाला काका धक्क्यावर गेले, हसत होते, कुणाला तरी "इलंय रे, इलंय" म्हणत. आलो रे, आलो. मग वाकले.

मी कालच त्यांना घेऊन निघायला हवं होतं. काल.

२१ मे, अकरा

अग्निशमन दलाची माणसं आलीत. मी काठावर बसून लिहितेय, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

पाणबुड्या दोनदा खाली जाऊन आला. म्हणतो काही दिसत नाही, चिखल आणि शेवाळ, स्वतःचा पंजा दिसत नाही, चाचपडत शोधावं लागतंय.

मला सगळं दिसतंय. तळापर्यंत.

काका पायऱ्यांच्या खाली उभे आहेत. त्यांच्याभोवती माणसं. मी मोजायला लागले आणि थांबले. मोजायचं नाही. ती तोंडं वर करून बघताहेत. तोंडांवर डोळे-नाक काही नाही अजून. एकाचं होत आलंय. आईसारखं —

काकांचे ओठ हलताहेत. तोंडातून बुडबुडे येताहेत. म्हणजे श्वास आहे का? दोन तास झाले, कसा असेल — पण बुडबुडे आहेत.

२१ मे

पाणबुड्या तिसऱ्यांदा उतरला. त्याचा हात काकांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला. वीतभर! मी ओरडले, डावीकडं, डावीकडं! काठावरून आवाज पोचत नाही. अग्निशमन दलाच्या साहेबांनी मला मागं बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, पोरीला धक्का बसलाय.

कुणाला दिसत नाही. मलाच दिसतंय. मी सांगितलं नाही तर ते त्यांना कधीच —

आता शेवटचं उतरणार म्हणताहेत. मग उद्या.

उद्यापर्यंत नाही राहू शकत काका तिथं. माझ्यासाठी चहा आणायचे ते रोज.

धक्क्यावर जाते. उभी राहणार नाही. पालथी झोपून, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातानं फक्त बोट दाखवायचं. पाणबुड्याला मधे मधे डोकं वर काढून माझ्याकडं बघायला सांगितलंय, तो हो म्हणाला. फक्त बोट. वही इथंच बाजूला ठेवते, मधे मधे लिहिते म्हणजे मन ताळ्यावर —

फळी गरम आहे. पाणी इतकं जवळ

पाणबुड्या उतरला. डावीकडं. अजून थोडं. काकांनी मान वर केली, मला बघितलं, हात वर केला. पोचतोय. हात पोचतोय त्यांचा, मी जरा वाकले तर